मोजणी कोणाची, प्रश्न कोणाचा? : आरोग्य-संशोधनाचे अग्रक्रम आणि स्थानिक समाज

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘मोजणी’ हा शब्द उच्चारला की प्रथम आठवते ती जमिनीची मोजणी. भूमिअभिलेख खात्याचा भूकरमापक शेतावर येण्यापूर्वी अर्जदाराला आणि लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. ठरल्या दिवशी ही सारी मंडळी बांधावर उभी असतात. हद्द कोठे पडते ते त्यांच्या डोळ्यांदेखत ठरते आणि ज्याला ती मान्य नसेल त्याला वरच्या कचेरीत दाद मागता येते. या व्यवस्थेत विलंब आहे, कज्जे आहेत, आणखीही दोष पुष्कळ आहेत. तथापि ज्याचे मोजायचे त्याला ते आधी कळले पाहिजे आणि मोजताना तो हजर असला पाहिजे, एवढे तत्त्व तिने गृहीत धरलेले आहे. त्याच गावात माणसांच्या आजारांची, बाळंतपणांची, मुलांच्या वजनांची आणि मृत्यूंची मोजणी वर्षानुवर्षे चालते. तिची नोटीस कोणाला जात नाही. काय मोजायचे हे दूर कोठेतरी ठरलेले असते, मोजणारा ठरलेले रकाने भरतो आणि मोजलेले कोठे गेले हे गावाला सहसा कळत नाही.

आरोग्यविषयक माहितीवर आधारलेल्या संशोधनात ‘लोकसहभाग’ हा शब्द आता सर्वमान्य झाला आहे. प्रकल्पाच्या प्रस्तावात त्याच्यासाठी एक परिच्छेद राखून ठेवलेला असतो. परंतु बहुतेक ठिकाणी सहभाग म्हणजे प्रश्नावली भरून देणे, रक्ताचा नमुना देणे आणि संमतिपत्रावर सही किंवा अंगठा करणे एवढाच अर्थ उरतो. प्रश्न कोणता विचारावा, कोणत्या दुखण्याचा अभ्यास आधी व्हावा, हे ठरवण्याच्या टप्प्यावर गाव नसते. संमतिपत्राचा टप्पा हा अग्रक्रम ठरून गेल्यानंतरचा टप्पा आहे, आणि तेथे गावाला फार तर ‘नाही’ म्हणता येते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः गडचिरोली जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे केला आहे. तो अनुभव मराठी वाचकाला परिचित आहे. त्याचे कौतुक पुष्कळ झाले, त्या मानाने त्याची चिकित्सा कमी झाली.

रकान्यांमागचे राजकारण

अग्रक्रम हा केवळ धोरणपत्रिकेत लिहिलेला नसतो, तो नोंदवहीच्या रकान्यांत असतो. आरोग्य उपकेंद्रातील नर्सबाईंची नोंदवही दीर्घकाळ कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांनी आखलेली होती. गावातील विवाहित जोडपी किती, मुले किती, शस्त्रक्रिया झाली का, तांबी बसवली का, गोळ्या चालू आहेत का, हे त्या वहीत सापडे. केंद्र शासनाने १९९६ मध्ये साधननिहाय उद्दिष्टांची पद्धत अधिकृतपणे मागे घेतली. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीची शासनदरबारी नोंद प्रामुख्याने तिच्या जननक्षमतेची नोंद होती. तिच्या कंबरेचे दुखणे, अंगावरून जाणे, पाळीतला त्रास यांसाठी वहीत जागा नव्हती. जे वहीत नाही ते जिल्ह्याच्या अहवालात नाही, जे अहवालात नाही त्याला अंदाजपत्रकात शीर्ष नाही आणि ज्याला शीर्ष नाही त्याचे औषध केंद्रात नाही. वहीचे रकाने आखणारा माणूस गावाच्या दुखण्यांची प्रतवारी करीत असतो. त्याला स्वतःला ते ठाऊक नसते, हा भाग वेगळा.

आज वहीची जागा मोबाइलने घेतली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत प्रत्येकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक मिळू शकतो आणि त्याच्या तपासण्यांचे कागद त्या क्रमांकाशी जोडता येतात. माहितीचा साठा अनेक पटींनी वाढतो आहे, रकाने आखण्याचा अधिकार मात्र जेथे होता तेथेच आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल संच शासनाला परत केले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत पोषणाची माहिती भरण्याच्या अ‍ॅपमध्ये मराठी नाही ही तक्रार होती. वर्तमानपत्रांनी त्या आंदोलनाकडे कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा प्रश्न म्हणून पाहिले. ज्या भाषेत आई आपल्या मुलाबद्दल बोलते त्या भाषेतून त्या मुलाची नोंद होऊ शकत नव्हती, हे त्यातले अधिक मूलभूत गाऱ्हाणे होते.

गडचिरोली : चुकलेला पहिला प्रश्न

गडचिरोली हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर १९८६ च्या सुमारास तेथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. आरंभीच्या अभ्यासांपैकी एक सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराचा होता. या भागात तो विकार आहे हे त्या अभ्यासातून पुढे आले. वैज्ञानिक दृष्टीने तो शोध महत्त्वाचा होता. परंतु लोकांना त्यात रस वाटला नाही. हा प्रश्न संशोधकांच्या जिज्ञासेतून आला होता, लोकांच्या मागणीतून नव्हे, अशी कबुली अभय बंग यांनी पुढे दिली आहे. ‘लोकांवर संशोधन’ आणि ‘लोकांसाठी संशोधन’ हा भेद ते करतात त्याच्या मुळाशी असे अनुभव आहेत.

ही कबुली दुर्मिळ आहे. संशोधनक्षेत्रात चुकलेल्या निष्कर्षांची कबुली अधूनमधून दिली जाते. चुकलेल्या प्रश्नाची कबुली जवळजवळ कोणीच देत नाही, कारण प्रश्न चुकला असला तरी शोधनिबंध छापून येतो. पद्धती निर्दोष, नमुना पुरेसा, आकडेमोड बिनचूक आणि तरीही गावाच्या दृष्टीने सारे व्यर्थ, अशा अभ्यासांची गणती कोणी केली तर ती विद्यापीठांना अडचणीची ठरेल.

कानोसा

दुसरा अभ्यास अगदी वेगळ्या वाटेने आला. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. गावोगावच्या स्त्रियांशी बोलताना त्यांच्या कानावर जे पुन्हा पुन्हा पडत होते ते वैद्यकीय ग्रंथांत आणि शासकीय कार्यक्रमांत गौण होते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीच्या तक्रारी, मूल न होणे, ही ती दुखणी. विकसनशील देशांतील स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि संततिनियमन असे त्या काळचे समीकरण होते. गर्भार नसलेल्या स्त्रीला आरोग्य नावाची गोष्ट असते, हे जणू कोणाच्या लक्षातच आले नव्हते. राणी बंग यांनी या ऐकण्यावर पुढे मराठीत जे पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘कानोसा’ आहे. संशोधनपद्धतीवरील एखाद्या प्रकरणालाही ते शीर्षक शोभले असते.

या ऐकण्यातून दोन गावांतील स्त्रियांचा अभ्यास उभा राहिला आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकूण ६५० स्त्रियांची मुलाखत आणि तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे आढळले. दर स्त्रीमागे आजारांची सरासरी ३.६ होती. यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. प्रजनन-आरोग्याची व्यापक कल्पना १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेत जगाने स्वीकारली, त्यामागील पुराव्यांत या अभ्यासाचा उल्लेख वारंवार केला जातो.

येथवरची हकीकत सर्वश्रुत आहे. त्या निबंधातील आणखी एका आकड्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. तपासलेल्या स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी काही ना काही तक्रार सांगितली होती. ४५ टक्के स्त्रियांना कोणतीच तक्रार नव्हती. आजार ९२ टक्क्यांना आणि तक्रार ५५ टक्क्यांना, या दोन आकड्यांमधले अंतर केवळ वैद्यकीय नाही. काही आजार लक्षणांवाचून असतात हे खरे. परंतु ज्या दुखण्याबरोबर आई, सासू, जाऊ अशा सगळ्याच जणी जगल्या, ते दुखणे म्हणून सांगायचे असते हेच पुष्कळ स्त्रियांना माहीत नसते. ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ हे वाक्य मराठी घरांत ज्याने ऐकले नसेल असा वाचक विरळा. तेव्हा लोकांना त्यांचे अग्रक्रम विचारावेत हे जेवढे खरे, तेवढेच हेही खरे की विचारल्यावर मिळणारे पहिले उत्तर अपुरे असते. हा अभ्यास स्त्रियांच्या बोलण्यातून जन्मला आणि स्त्रियांनी जे बोलले नव्हते तेही त्याने दाखवून दिले.

येथेच ‘स्थानिक समाज’ या एकवचनी शब्दाची अडचण लक्षात येते. हाच प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला असता तर काय झाले असते? पारावर पुरुष बसले असते, स्त्रिया मागे भिंतीला टेकून डोक्यावर पदर घेऊन बसल्या असत्या आणि गावाचा अग्रक्रम म्हणून रस्ता, दवाखान्याची इमारत, फार तर हिवताप यांची नोंद झाली असती. अंगावरून जाण्याचा उल्लेख तेथे होणे शक्य नव्हते. ठराव एकमताने संमत झाला असता आणि इतिवृत्तात ‘लोकसहभागातून अग्रक्रमनिश्चिती’ अशी नोंदही पडली असती. आजही अनेक प्रकल्पांत एका दुपारच्या बैठकीला समाजाचा कौल मानले जाते. अशा बैठकीत जो बोलतो त्याचा प्रश्न गावाचा प्रश्न ठरतो.

दारूच्या प्रश्नावर हा अंतर्गत भेद उघड्यावर आला. गडचिरोलीत स्त्रियांना छळणारी बाब कोणती, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या कक्षेत मावणारे नव्हते. दारूच्या व्यसनाचे आणि तिच्यावरील खर्चाचे सर्वेक्षण झाले, त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदीच्या परिणामकारकतेविषयी मतभेद आहेत आणि ते असावेत. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट इतकीच की हा अग्रक्रम अर्ध्या समाजाने उरलेल्या अर्ध्याविरुद्ध मांडलेला होता. पिणारा पुरुष आणि मार खाणारी बायको यांच्या अग्रक्रमांची सरासरी काढता येत नाही.

परतून आलेला सिकलसेल

लोकांनी ज्यात रस घेतला नाही तो सिकलसेल आता पुन्हा दारात उभा आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. ० ते ४० वयोगटातील सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. विदर्भातील आदिवासी आणि काही दलित जातींत हा विकार आढळत असल्याने महाराष्ट्राचा पूर्व भाग तिच्या कक्षेत येतो.

मग १९८० च्या दशकात लोकांचे चुकले होते काय? लोकसहभागाचे पुरस्कर्ते हा प्रश्न टाळतात. तो टाळण्यासारखा नाही. सिकलसेल झालेले मूल वारंवार तापाने, सांधेदुखीने, जंतुसंसर्गाने आजारी पडते आणि पुष्कळदा लहानपणीच जाते. घरच्यांच्या लेखी ते तापाने गेलेले असते. ज्या आजाराला गावाच्या भाषेत नाव नाही तो गावाच्या अग्रक्रमात येऊ शकत नाही. म्हणजे अग्रक्रम ठरवायला आधी माहिती हवी आणि कोणती माहिती गोळा करायची हे ठरवायला आधी अग्रक्रम हवा. हे वर्तुळ एकट्या तज्ज्ञाला तोडता येत नाही आणि एकट्या ग्रामसभेलाही येत नाही. बंग यांनी पहिला प्रश्न चुकला असे म्हटले, ते त्यांच्या त्या वेळच्या जागेवरून योग्यच होते. त्यावरून ‘लोक मागतील तेवढेच संशोधन’ असा नियम काढणे हा मात्र त्या कबुलीचा विपर्यास होईल.

लोकांचा त्या वेळचा निरुत्साह अज्ञानातून आला असे मानणेही तितकेच चुकीचे आहे. तपासणी करून घ्यायची, विकार आहे असे कळायचे आणि पुढे काय? उपचार जवळ नाहीत, रक्त मिळत नाही आणि मुलीच्या नावापुढे ‘वाहक’ असा शब्द लागला तर तिच्या सोयरिकीचे काय, हे हिशेब घराघरात होतात. वाहक व्यक्ती बहुधा स्वतः निरोगी असते. तिच्याविषयीची नोंद तिला स्वतःला औषध देत नाही, ती तिच्या लग्नाविषयी बोलते. आजच्या मोहिमेत तपासणीनंतर लोकांना विवाहविषयक समुपदेशनासाठी रंगांची पत्रे दिली जातात. ते पत्र घरात कोण पाहील, सासरी दाखवायचे की नाही, शाळेत तपासणी झाली तर मास्तरांना कळेल का, हे प्रश्न कोणत्याही शोधनिबंधाच्या उद्दिष्टांत आढळत नाहीत. गावाला खऱ्या अर्थाने विचारले तर अभ्यासाचा पहिला विषय बहुधा हाच निघेल.

नोंद ठेवणारा कोण

गडचिरोलीच्या अनुभवातील आणखी एक घटक प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, तो म्हणजे नोंद ठेवणारा माणूस. नवजात बालकांच्या घरोघरी शुश्रूषेचा तेथील प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष सेवा दिलेली ३९ आणि तुलनेसाठी घेतलेली ४७ गावे, असा त्याचा आराखडा होता. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदरात तुलनेने सुमारे ६२ टक्के घट झाली. गावातलीच, गावानेच ओळखलेली स्त्री ‘आरोग्यदूत’ म्हणून बाळाचे वजन करी, श्वास मोजी आणि लिहून ठेवी. जन्मून काही तासांत गेलेले मूल सरकारी वहीत कित्येकदा येतच नाही. ते मेलेलेच जन्मले असे म्हटले जाते किंवा त्याची वाच्यताच होत नाही. बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश असलेल्या बाईला ते लपत नाही. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांच्या अभ्यासगटाने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचाही गाभा हाच होता, की राज्यात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत. त्या अहवालाने मोठी खळबळ उडाली, कारण त्याने शासनाच्या आकड्यांपुढे लोकांमधून आलेले आकडे ठेवले.

परंतु या यशस्वी प्रयोगाविषयीही एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो तुलनेच्या ४७ गावांचा आहे. तेथे नेहमीच्या सेवा चालू होत्या आणि जन्म-मृत्यूंची मोजणी होत होती. त्या मोजणीवाचून ६२ टक्के हा आकडा काढताच आला नसता. ज्ञानात त्या गावांचा वाटा पहिल्या ३९ गावांइतकाच आहे. नियंत्रित चाचणीच्या शास्त्रात तुलनेचा गट अपरिहार्य असतो, हे मान्य. पण अग्रक्रम लोकांनी ठरवायचे म्हटले तर तुलनेच्या गावांतील लोकांनी कोणता अग्रक्रम ठरवलेला असतो? ‘आमच्याकडे काही करू नका, फक्त मोजा’ असे कोणतेही गाव आपणहून म्हणणार नाही. लोकसहभागाचे तत्त्व आणि वैज्ञानिक पुराव्याची उतरंड यांत येथे खरा संघर्ष आहे आणि तो शब्दांनी झाकण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात लोकांच्या हाती नोंदीचे साधन देण्याचा दुसरा मोठा प्रयत्न म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ पासून सुरू झालेली ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ प्रक्रिया. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने तिचे राज्यस्तरीय समन्वयन केले. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत ती प्रथम राबवली गेली. गावाच्या समित्यांनी आपल्या उपकेंद्राची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रगतिपत्रके तयार केली. चांगल्यास हिरवा, मध्यमास पिवळा, वाईटास लाल, असे रंग त्यांत भरले. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ती वाचली गेली. शाळेत मुलांना मिळणारे प्रगतिपुस्तक डॉक्टरांना मिळाले, ही कल्पनाच ग्रामीण माणसाला पटकन उमजणारी होती. या प्रक्रियेने औषधांचा तुटवडा, बेकायदा पैसे घेणे, कर्मचाऱ्यांची गैरहजेरी यांची लोकांनी केलेली नोंद प्रथमच अधिकृत केली. तथापि तिचा आवाका सेवांपुरता होता. दवाखाना उघडा होता की नाही हे गावाने मोजले. गावाला होते काय, याचा शोध घेण्याचे साधन तिच्यात नव्हते. विद्यापीठे आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी या प्रगतिपत्रकांतून संशोधनाचे प्रश्न उचलायला हवे होते. त्यांनी ते क्वचितच केले.

प्रश्न लोकांचा, उत्तर भलतेच

अग्रक्रम सुरुवातीला लोकांनी ठरवला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी अमेरिकेतील हावासुपाई या आदिवासी जमातीचा दाखला लक्षात ठेवावा. ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या या छोट्या जमातीत मधुमेह फार होता आणि त्याचे कारण कळावे ही जमातीच्याच लोकांची इच्छा होती. १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांनी आपल्या रक्ताचे नमुने दिले. प्रश्न लोकांचा होता, संमतीही होती. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, रक्तसंबंधातील विवाह आणि जमातीचे मूळ स्थान यांविषयी अभ्यास झाले. ‘आम्ही याच दरीतून उत्पन्न झालो’ या त्यांच्या श्रद्धेला छेद देणारे स्थलांतराचे सिद्धांत त्यांच्याच रक्ताच्या आधारे मांडले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन व उरलेले नमुने परत करून तडजोड केली. नमुना किंवा आकडा एकदा घराबाहेर पडला की त्याला नवे प्रश्न विचारता येतात आणि दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी गावाला कोणी बोलावीत नाही. कागदी वहीच्या काळात ही भीती मर्यादित होती, कारण वही एका कपाटात असे.

भारतीय कायद्याने या बाबतीत घेतलेली भूमिका तपासण्यासारखी आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीला ओळखतो, समूहाला ओळखत नाही. शिवाय संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी या प्रयोजनांसाठी, विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्याकरिता माहिती वापरली जात नसेल आणि विहित मानके पाळली जात असतील तर, तो सूट देतो. संशोधकांच्या दृष्टीने ही सूट आवश्यक आहे. पण एखाद्या पाड्यातील लोकांची नावे काढून टाकली तरी पाड्याचे नाव उरते, जमातीचे नाव उरते आणि ‘अमुक जमातीत अमुक रोग’ हा शिक्का त्या आकडेवारीत नसलेल्या माणसालाही लागतो. समूहाच्या माहितीवर समूहाचा काही अधिकार असावा, अशी कल्पना क्रिस गोपालकृष्णन समितीने २०२० मध्ये अ-वैयक्तिक माहितीसंबंधी मांडली होती. तिचा कायदा झाला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे समाजाशी संवाद ठेवण्यास सांगतात आणि समाजाच्या परवानगीने व्यक्तीची संमती गौण ठरत नाही हेही बजावतात. नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावा, असाही दंडक आहे. हा सामान्य नागरिक बहुधा शहरातला, संस्थेच्या परिचयाचा आणि इंग्रजीतला प्रस्ताव वाचू शकणारा असतो. त्याच्यापुढे जो प्रस्ताव येतो त्यातील प्रश्न आधीच पक्का झालेला असतो. समिती त्यात सुरक्षिततेची दुरुस्ती सुचवू शकते. ‘हा प्रश्नच नको, दुसरा घ्या’ असे म्हणणे तिच्या कार्यकक्षेत धरले जात नाही.

हे सारे वैद्यकीय संस्थांपुरते आहे असे मानून महाविद्यालयांना हात झटकता येणार नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर दत्तक गावात भरते, विद्यार्थी घरोघर जाऊन आरोग्य सर्वेक्षणाची प्रश्नावली भरतात, रक्तगट व हिमोग्लोबिन तपासले जाते. समाजशास्त्र, गृहविज्ञान, भूगोल, अर्थशास्त्र या विभागांतील कित्येक प्रबंधांची प्राथमिक माहिती अशाच गावांतून येते. प्रश्नावली बहुधा आधीच्या प्रबंधातून उचललेली असते, तो प्रबंध त्याच्या आधीच्या प्रबंधातून. शौचालय आहे का, धूम्रपान करता का, उत्पन्न किती, या क्रमाने ती पुढे जाते, आणि तिसऱ्या वर्षी त्याच बाईला तेच प्रश्न तिसऱ्यांदा विचारले जातात. छायाचित्रांसह अहवाल तयार होतो, मूल्यांकन समितीला दाखवला जातो आणि कपाटात जातो. त्यात गावाने सुचवलेला एकही प्रश्न नसतो. तो नाही याची खंत वाटावी, अशी अपेक्षाही कोणी केलेली नसते.

वास्तविक येथे मोठ्या निधीची वा कायद्याची गरज नाही. शिबिराचे पहिले दोन दिवस प्रश्नावलीशिवाय घालवता येतात. स्त्रियांशी स्त्रियांनी, वस्तीवरच्या लोकांशी वस्तीवर जाऊन बोलता येते. ग्रामसभेत जे बोलले गेले आणि चुलीपाशी जे बोलले गेले ते वेगवेगळे लिहून ठेवता येते. तिसऱ्या दिवशी त्यातून प्रश्न निवडताना गावातील चार-पाच जणांना, त्यांत निदान निम्म्या स्त्रिया असतील असे पाहून, सोबत बसवता येते. ज्या आजाराला गावात नाव नाही त्याविषयी तज्ज्ञाने आपले म्हणणे त्याच बैठकीत मांडावे आणि ते नाकारले गेले तर तेही नोंदवावे. नाकारण्याची कारणे ही स्वतंत्र माहिती असते, सिकलसेलच्या बाबतीत ती त्या वेळी कोणी गोळा केली असती तर आज उपयोगी पडली असती. शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असते. विद्यार्थ्यांनी भरलेल्या तक्त्यांची मराठीतली दोन पाने त्या सभेत वाचून दाखवण्याइतका वेळ मध्ये असतो.